घरच्या गॅरेजमध्ये पोर्टेबल लिफ्ट बसवायची तर आधी टाइलखाली काय आहे ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याजवळ बंगला, ११ बाय २० फुटांचं बंदिस्त गॅरेज, खाली पार्किंग टाइल्स. गाड्या दोन, स्विफ्ट आणि इनोव्हा क्रिस्टा. ऑइल बदलणं, ब्रेक, सस्पेन्शनचे बुश ही कामं घरीच करायची हौस आहे. त्यासाठी पोर्टेबल लिफ्ट घ्यायची आणि ती जमिनीत अशी बुडवायची की बंद असताना गाडी वरून सरळ जावी, पायात काही येऊ नये. हे होईल का, आणि नेहमीच्या गवंड्याकडून करून घेता येईल का?

होईल. पण या दोन गाड्यांसाठी मी ती बुडवणार नाही. भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात बावीस वर्षं लिफ्ट बसवतोय. नंतर जे फोन येतात त्यातले बहुतेक यंत्राबद्दल नसतात, यंत्राखालच्या जमिनीबद्दल असतात. लिफ्टवाला यंत्र देतो आणि जातो. खालचं काँक्रीट तुमचं.

पोर्टेबल या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि जमिनीकडून तिघींची मागणी वेगळी असते. पहिली, दोन सुट्या लोखंडी चौकटींची. क्विकजॅक या नावाने बरेच जण ओळखतात तो प्रकार. गाडीच्या दोन्ही बाजूंना खाली सरकवायची, बंद उंची तीन इंचांच्या आसपास, गाडी साधारण दीड-पावणेदोन फूट उचलते. दुसरी कात्रीची, म्हणजे मिड-राइज सीझर लिफ्ट. बंद असताना चार-सव्वाचार इंच, वर गेली की तीन-चार फूट. वजन चारशे किलोच्या घरात, त्यामुळे हँडलची ट्रॉली लावून ढकलता येते म्हणून पोर्टेबल म्हणायचं, एवढंच. तिसरी, काढता येणाऱ्या दोन खांबांची. हिचे अँकर, म्हणजे काँक्रीटमध्ये घट्ट बसवलेले बोल्ट धरणारे लोखंडी खुंट, कायमचे जमिनीत राहतात, काम झालं की बोल्ट काढून खांब भिंतीशी उभे करायचे.

तुमच्या छताची उंची तुम्ही लिहिलेली नाही. बंगल्यात स्लॅबचं पोट साधारण दहा फुटांवर असतं आणि बीम त्याच्याही खाली नऊ इंच ते फूटभर उतरलेलं असतं, म्हणजे मोकळे २.७ मीटर धरा. क्रिस्टाची उंची १७९५ मिलिमीटर. ती कात्रीवर १.२ मीटर चढवली की तीन मीटर होतात, म्हणजे छप्पर बीमला लागलं. स्विफ्टसुद्धा १.५३ मीटर आहे, तीही लागेल. शिवाय रोलिंग शटर असेल तर त्याचं गुंडाळलेलं भेंडोळं, पंखा, ट्यूबलाइट या गोष्टी गाडी वर जाताना बघायला कुणी मान वर करत नाही. तळेगावला एका ग्राहकाच्या पंख्याचं पातं स्कॉर्पिओच्या टपाने वाकवलं. पंखा बंद होता हे नशीब. तेव्हा सरळ माप घ्या: बीमच्या पोटापासून गाडीच्या टपापर्यंत, टपावरचा अँटेना धरून, आणि त्यातून चार इंच सोडा. उरेल तेवढीच तुमची लिफ्ट.

या हिशेबात तुमच्यासाठी पहिला प्रकार बसतो. दीड-पावणेदोन फूट उंचीवर उभं राहून काम होत नाही. चटई किंवा चाकाची फळी घेऊन खाली झोपावं लागतं. पण तुम्ही सांगितलेली तिन्ही कामं तेवढ्यात आरामात होतात.

आता बुडवायची का नाही ते. स्विफ्टला स्वतंत्र चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. तिला उचलायची जागा म्हणजे दाराच्या उंबऱ्याखाली जी उभी शिवण असते तिथले खाचांमधले पॉइंट, अगदी बाहेरच्या बाजूला. क्रिस्टा शिडीसारख्या चेसिसवर बसलेली आहे. तिला उचलायचं चेसिसच्या रुळाखाली, आणि ते रूळ आत, एकमेकांच्या जवळ असतात. शिवाय पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर स्विफ्टचं २४५० मिलिमीटर, क्रिस्टाचं २७५०. म्हणजे स्विफ्टसाठी जिथे खाचा पाडाल तिथे क्रिस्टा रुंदीलाही जुळत नाही आणि लांबीलाही नाही. दोन्ही गाड्या बसाव्यात म्हणून खाचा रुंद केल्या तर उरलेली जागा चेकर प्लेटने झाकावी लागते, आणि रोज रात्री गाडी आत घेताना घरभर खडखडाट. एकाने ते करून घेतलं आणि सहा महिन्यांत घरच्यांच्या कंटाळ्याला शरण जाऊन खाचा बुजवल्या. पोर्टेबल वस्तूचा सगळा फायदा ती हलवता येण्यात आहे. ती जमिनीत गाडली की पैसे पोर्टेबलचे गेले आणि वस्तू मिळाली ती जागेवर खिळलेली.

आणखी एक गोष्ट दुकानात दाखवताना लक्षात येत नाही. ही चौकट सरळ वर जात नाही, कमानीसारखी झुलत वर जाते. त्यामुळे गाडी वर जाताना पुढे किंवा मागेही सरकते. आधी अंगणात रिकामी लिफ्ट वर-खाली करा आणि वरच्या चौकटीचं टोक सुरुवातीला कुठे होतं, शेवटी कुठे आलं, ते खडूने जमिनीवर आखा. तुमचं गॅरेज २० फूट, म्हणजे सहा मीटर, आणि क्रिस्टा ४.७३५ मीटर. भिंतीला किती चिकटवून गाडी लावायची ते त्या दोन रेघांवर ठरवा. गाडी कुठल्या तोंडाने उभी करायची तेही.

म्हणून माझा सल्ला: जमीन सपाट आणि भक्कम करून घ्या, लिफ्ट वरच वापरा, काम झालं की भिंतीशी उभी करा. एक चौकट ३५ ते ४५ किलोची असते, चाकं असतात, एकट्या माणसाला जमतं. क्षमता मात्र मोठी घ्या. रिकामी क्रिस्टाच पावणेदोन टनांच्या पुढे आहे, तेव्हा सव्वादोन टनांच्या ऐवजी तीन टनांच्या वरची.

आता जमीन. आपल्याकडे बंगल्याच्या पार्किंगखाली बहुधा असं असतं: मुरमाची भरणी, दगडी सोलिंग (मोठ्या दगडांचा थर), त्यावर तीन-चार इंच १:४:८ चं (सिमेंट, वाळू, खडी) पीसीसी, म्हणजे सळईविना काँक्रीट, त्यावर दीड-दोन इंच मालाचा थर आणि टाइल. १:४:८ म्हणजे एम ७.५ (चौरस मिलिमीटरला साडेसात न्यूटन ताकद), साध्या भाषेत सांगायचं तर फरशी बसवायला पुरेसं, अँकर धरायला निरुपयोगी. उभ्या गाडीचं वजन चार टायर पसरून देतात म्हणून इतकी वर्षं काही झालं नाही.

तपासायला महागडं काही लागत नाही. आधी सगळ्या टाइल्सवर हातोडीच्या दांड्याने ठोका. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कानाला लगेच कळतो. पोकळ वाजते तिथे मालाचा थर टाइलला धरलेला नाही, आणि चौकटीचा पाय त्यावर आला की ती तडकणार. मग कोपऱ्यातली एक टाइल उचला. हॅमर ड्रिलला १२ मिलिमीटरचं बिट लावा, बिटवर इंचाइंचाला टेपची पट्टी गुंडाळा, आणि हळूहळू खाली जा. भुकटीकडे बघत राहा. करडी-पांढरी येते तोवर काँक्रीट. लालसर आली, बिट लोण्यात गेल्यासारखं उतरलं, की मुरूम. मधे बिट अडून किंचाळलं तर सळई किंवा सोलिंगचा काळा दगड. असं तीन-चार ठिकाणी करा. एका जागी चार इंच आणि दुसऱ्या जागी दीड इंच निघालेलं मी कितीदा पाहिलंय.

पण ड्रिल हातात घेण्यापूर्वी एक प्रश्न घर बांधणाऱ्याला विचारा: पाण्याची टाकी कुठे आहे? सेप्टिक टँक कुठे आहे? आपल्याकडे जागा वाचवायला या दोन्ही गोष्टी सर्रास पार्किंगखाली घेतात. एका बंगल्यात मालक ठामपणे म्हणाले की टाकी मागच्या अंगणात आहे. तिसऱ्या छिद्राला बिट एकदम सैल झालं, हाताला झटका बसला, आणि खालून पाण्याचा गार वास आला. टाकीचा स्लॅब होता, वर तीन इंच भरणी. जिथे दोन खांब उभे करायचे ठरलं होतं त्याच्या बरोबर मधे. मागच्या अंगणात होती ती जुनी, बुजवलेली टाकी. त्या दिवशी काम गुंडाळून घरी आलो, आणि तेव्हापासून झाकण स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी छिद्र पाडत नाही. (सोसायटीच्या पोडियमवर किंवा बेसमेंटवरच्या पार्किंगमध्ये हा प्रयोग मुळीच करू नका. तिथल्या काही स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतात. एक तुटली तर नुकसान तुमच्या गाडीपुरतं राहत नाही.)

पहिल्या प्रकारच्या लिफ्टला टाइलखाली चार इंच सलग पीसीसी निघालं आणि टाइल्स भरीव वाजल्या, तर आहे त्यावर चालेल. पायाखाली १२ मिलिमीटरचा प्लायवूडचा तुकडा टाका, टाइल वाचेल. दोन खांबांच्या लिफ्टला मात्र आहे ती जमीन विसरा. लोकांना वाटतं वजन खाली दाबतं, मग काँक्रीटला काय होणार. खांबाचे हात पुढे आलेले असतात. एका खांबावर ९०० किलो, खांबापासून ९० सेंटिमीटर पुढे, असं धरलं तर पायथ्याची प्लेट पुढच्या कडेवर टेकते आणि मागचे बोल्ट वर उपसले जातात. प्लेटच्या मापावर अवलंबून हा उपसणारा जोर दीड-दोन टनांवर जातो. विहिरीवरच्या रहाटाचा खांब जसा मागून दगड लावून दाबतात, तो दगड म्हणजे तुमचे दोन बोल्ट आणि त्यांना धरणारं काँक्रीट. १:४:८ मधून ते बोल्ट गाजरासारखे निघतात.

नवीन स्लॅब करायचा ठरला तर एक बारकावा इंजिनिअर लोकही विसरतात. परदेशी लिफ्टच्या पुस्तकात काँक्रीट ३००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) असावं असं लिहिलेलं असतं. आपला माणूस गुणाकार करतो, २०.७ येतात, आणि एम २० टाका म्हणतो. पण अमेरिकेत ताकद सिलिंडर फोडून मोजतात आणि आपल्याकडे १५० मिलिमीटरचा ठोकळा फोडून. त्याच काँक्रीटचा सिलिंडर ठोकळ्याच्या साधारण ८० टक्केच ताकद दाखवतो. म्हणजे त्यांचे ३००० म्हणजे आपले २६च्या आसपास. एम २५ च्या खाली उतरू नका.

जाडी पुस्तकात चार-सव्वाचार इंच असली तरी मी सहा इंच घेतो. तुमचं पूर्ण गॅरेज केलं तर ३.१ घनमीटर काँक्रीट लागेल. आरएमसीवाले (तयार काँक्रीट गाडीने आणून देणारे) एवढ्या थोड्या मालाला अर्ध्या गाडीचे जादा पैसे लावतात, तरी परवडत असेल तर तेच घ्या. साइटवर मिक्सर फिरवायचा असेल तर पाण्यावर स्वतः उभे राहा. ५० किलोच्या गोणीला जास्तीत जास्त २२ लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. गवंडी तुमच्याकडे पाठ करून पस्तीस ओततो, कारण माल पातळ असला की फळी सरसर फिरते. त्याचा दोष नाही, त्याला कुणी लिटर मोजून दिलेले नसतात. बादलीवर रंगाने रेघ मारून द्या.

काळी माती असेल तर ती काढूनच टाका. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा स्लॅब तिच्याबरोबर श्वास घेतो. मुरूम थरावर थर टाकून, पाणी मारून दाबा. जाळी ८ किंवा १० मिलिमीटरची, दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंचांवर, आणि ती खाली चिकटून राहू नये म्हणून चेअर (जाळी उचलून धरणारे सळईचे छोटे पाय) लावा. ओतण्याआधी सळयांवर मेजरिंग टेप अंथरून, भिंतीपासूनचं माप दिसेल असे फोटो काढा. पुढे अँकर पाडताना सळई कुठे आहे हे याच फोटोंवरून कळतं. भिंती आणि कॉलमभोवती १२ मिलिमीटर थर्माकोल लावा, म्हणजे स्लॅब घराला बांधला जात नाही. सांधा कापायचाच तर खांबांच्या जागेपासून दूर. पाणी किमान दहा दिवस, आळी करून. लिफ्ट २८ दिवसांनी.

उताराचं भान ठेवा. आपण पार्किंगला गेटकडे उतार देतो, धुतलेलं पाणी जावं म्हणून. शंभराला एक उतार म्हणजे तीन मीटरमध्ये तीन सेंटिमीटर. खांबांना तो चालत नाही. पत्र्याच्या चकत्या घालून थोडंफार जुळवता येतं, पण बोटभर जाडीच्या चकत्या रचायची वेळ आली तर ती जागाच चुकली. लिफ्टचा भाग सपाट ठेवा आणि उतार त्याच्या पुढून सुरू करा. लेव्हल ट्यूबने चारही कोपरे तपासा, नुसत्या स्पिरिट लेव्हलवर विसंबू नका.

आता समजा पुढे स्विफ्ट विकली, एकच गाडी राहिली, आणि बुडवायचीच आहे. तर खाचेची खोली म्हणजे लिफ्टची बंद उंची अधिक पाच मिलिमीटर. चारही बाजूंनी इंचभर मोकळीक. खाचेच्या तळालाही पूर्ण सहा इंच काँक्रीट हवं, म्हणजे तेवढ्या भागात खणाई सोलिंगसकट दीड फुटाच्या पुढे जाते. खाच पाडताना स्लॅब पातळ करणं ही सगळ्यात नेहमीची चूक. कडांना ५० बाय ५० बाय ६ चा अँगल, मागे होल्डफास्ट (काँक्रीटमध्ये रुतणाऱ्या लोखंडी पट्ट्या) वेल्ड करून, काँक्रीटमध्येच धरून घ्या. नाहीतर टायर चढून-उतरून कडा वर्षभरात झडतात. होसेससाठी, म्हणजे लिफ्टला तेल नेणाऱ्या नळ्यांसाठी, चार इंची पीव्हीसी पाइप, आणि त्यात काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचा बेंड. आत एक तार सोडून ठेवा, कपलिंगसकट होस ओढता येते. पाण्याला बाहेर जायला वाट हवीच. तळाला उतार देऊन पाइप बाहेर काढा, आणि बाहेरची पातळी वर असेल तर एका टोकाला फूटभर खोल कुंडी करून त्यातून पाणी उपसा. सातारा-महाबळेश्वर बाजूच्या पावसात कोरडी राहिलेली खाच मी पाहिलेली नाही. आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. फ्युएल फिल्टरचं काम करायचं असेल तर गाडी बाहेर काढा, आणि पॉवर पॅकची (तेल दाबणाऱ्या पंपाची) मोटर जमिनीपासून किमान दीड फूट वर ठेवा.

विजेचं थोडक्यात. सिंगल फेजवरची २.२ किलोवॉटची मोटर चालू असताना १५ अँपिअरच्या आसपास घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. वॉशिंग मशीनच्या प्लगवर ती चालत नाही. स्वतंत्र वायर ४ चौरस मिलिमीटरची, २० अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि खरं अर्थिंग. संध्याकाळी सातला व्होल्टेज मोजा. गावच्या फीडरवर १८० वर आलं की मोटर नुसती हुंकारते. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून मागवणार असाल तर तिथली मोटर ११० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असते. नुसता ट्रान्स्फॉर्मर लावून हर्ट्झ बदलत नाही.

खांबांचे अँकर बसवताना छिद्र पाडलं की ते साफ करणं हे अर्धं काम आहे. ब्रश, फुंकणी, पुन्हा ब्रश. भुकटी राहिली की अँकर काँक्रीट पकडत नाही, भुकटी पकडतो. टॉर्क पुस्तकात दिलाय तेवढाच, टॉर्क रेंचने, पान्याला पाइप लावून नव्हे. पाना फिरतच राहिला आणि टॉर्क वाढेना, तर तो अँकर गेला. तिथेच मोठा ठोकू नका, जागा बदला किंवा केमिकल अँकर (रसायनाने चिकटवायचा) घ्या.

पहिल्यांदा गाडी फक्त फूटभर उचला आणि बंपरला धरून हलवा. मग पूर्ण वर, लॉकवर बसवून अर्धा तास. तेलाचा थेंब, चौकट एका बाजूला कलणं, पायाखाली केसासारखी चीर, हे बघा. दुसऱ्या दिवशी टॉर्क पुन्हा, मग महिन्याने. आणि लिफ्ट लॉकवर असली तरी खाली घोड्या (जॅक स्टँड) लावल्याशिवाय आत शिरू नका. हायड्रॉलिक सील कधी जाईल ते सांगून जात नाही.

तर आधी टाकीचं झाकण शोधा. मग कोपऱ्यातली एक टाइल उचलून छिद्र पाडा. भुकटीचा रंग किती इंचांवर बदलला आणि बीमखाली उंची किती निघाली, ते दोन आकडे कळवा. नवीन स्लॅब लागणार की नुसत्या पोकळ टाइल्स बदलून भागेल, ते त्यावरून सांगतो.